पाणी हाताशी होतं

कोल्हापूरच्या माणसाला गुळाचा वास समजावून सांगावा लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. त्या पेठेत येणारा गूळ शिजायचा तो आसपासच्या खेड्यांतल्या गुऱ्हाळांवर. आता गुऱ्हाळं कमी झाली. पण माझ्या लहानपणी दिवाळी सरली की रात्रीसुद्धा चुलवाणं धडधडत असायची आणि आम्ही पोरं पातेली घेऊन काकवीसाठी तिथं रेंगाळायचो.

माझं बालपण कळंब्यातलं. कळंब्याचं नाव काढलं की लोकांना तुरुंग आठवतो. आम्हाला आठवतो तो तलाव. संस्थानकाळात कोल्हापूर शहराला पाणी पुरवण्यासाठी तो बांधला. शहराची तहान भागवणाऱ्या गावातली आम्ही माणसं, आणि तरीही एका पोराच्या हातावर वेळेवर तांब्याभर पाणी ओतायचं आम्हाला सुचलं नाही. ती हकिकत सांगतो.

१९८०च्या आसपासची गोष्ट. माझे मामा गुळव्या होते. म्हणजे गुऱ्हाळावरचा जाणकार. काहिलीतला रस कधी पिकला, कधी उतरवायचा, हे तो ठरवतो. त्यासाठी त्याच्या शेजारी थंड पाण्याचं घमेलं भरून ठेवलेलं असतं. उकळत्या पाकाचा थेंब त्या पाण्यात टाकायचा. बोटांत धरून त्याची गोळी वळली, की काहील खाली. साधं पाणी शंभर अंशाला उकळतं. गुळाचा पाक उतरवताना साधारण ११८ अंशांपर्यंत गेलेला असतो, आणि तो पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटून बसतो आणि चिकटल्या जागी भाजतच राहतो.

त्या दिवशी काहील वाफ्यात ओतताना माझा मामेभाऊ फार पुढं गेला. आठ-नऊ वर्षांचा असेल. पाकाचा शिंतोडा उडाला तो त्याच्या डाव्या हातावर. बोटांपासून मनगटापर्यंत. पोर असं किंचाळलं की चरकाचे बैल बुजले.

मग सुरू झाली धावपळ. कुणी म्हणालं, दौतीतली शाई ओता. कुणी दंतमंजन आणलं. कुणी खोबरेल तेल चोपडलं. नानी दर्ग्याची उदी घेऊन आली. प्रत्येकाच्या मनात माया होती आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. त्या सगळ्यांच्या पायांशी ते घमेलं तसंच भरलेलं होतं. मामा दिवसातून पन्नास वेळा बघायचे, की तापलेला पाक पाण्यात पडला की क्षणात निवतो. पण तेच पाणी पोराच्या हातावर ओतावं, हे त्यांच्याही मनात आलं नाही. उलट म्हणत होते, पाणी लावू नका, फोड येतील.

फोड आलेच. टपोरे, पाण्यानं भरलेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका शहाण्यानं ते सुईनं फोडले. ‘आतलं घाण पाणी गेलं की लवकर बरं होतं.’ सहाव्या-सातव्या दिवशी हाताला वास यायला लागला, पोर तापानं फणफणलं. शहर किती लांब? सायकलवर अर्ध्या तासाची वाट. पण आम्ही त्याला दवाखान्यात नेलं ते बाराव्या दिवशी. जीव वाचला. हात वाचला. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडलं ते कायमचं. आज तोही माझ्यासारखाच पन्नाशी ओलांडलेला आहे. नमाजानंतर दुआसाठी तो हात पसरतो तेव्हा आठ बोटं उघडतात, दोन मिटलेली राहतात.

मी काही डॉक्टर नाही. साधा बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण त्या दोन बोटांनी मला एका शोधाला लावलं. भाजलेल्या माणसाला माणसानं आजवर काय काय लावलं, आणि त्यातलं खरं किती टिकलं?

आपल्याकडचा जुना जाणता सुश्रुत. ‘सुश्रुतसंहिते’च्या सूत्रस्थानात अग्निकर्माचा अध्याय आहे. त्यात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. प्लुष्ट म्हणजे नुसतं होरपळलेलं. दुर्दग्ध म्हणजे ज्यात फोड उठतात, आग होते, लाली येते, पिकतं आणि वेदना लवकर शमत नाही. तिसरं सम्यग्दग्ध. चौथं अतिदग्ध, जिथं मांस, शिरा, सांधे, हाडं यांच्यापर्यंत इजा पोहोचते आणि रोग्याला ताप, तहान, मूर्च्छा येते. तापलेलं तेल-तूप त्वचेत खोल शिरतं म्हणून त्याचं भाजणं अधिक वाईट, हेही त्यानं नोंदवलं आहे. किती बारीक नजर! वरवरचं की खोल, हा आजच्या डॉक्टरचाही पहिला प्रश्न असतो. पण याच सुश्रुतानं साध्या होरपळीला शेक द्यायला सांगितलं आहे, गार पाणी नको म्हटलं आहे. आमच्या मामांचं ‘पाणी लावू नका’ इतकं जुनं असू शकतं! इथं आज आपण सुश्रुताचं ऐकत नाही. त्याची नजर घ्यायची, शेक सोडून द्यायचा. थोरांचा मान ठेवण्याची हीच रीत आहे.

नवव्या-दहाव्या शतकात इराणात अबू बक्र अल-राझी नावाचा मोठा हकीम होऊन गेला. त्यानं भाजल्यावर थंड पाण्याचा उपाय सांगितला. त्याच्याआधी रोमच्या काळातल्या गेलननंही सांगितला होता. पण चांगला सल्ला पुस्तकात असणं वेगळं आणि चुलीपाशी असणं वेगळं. तो चुलीपर्यंत यायला शेकडो वर्षं गेली.

सोळाव्या शतकातला एक किस्सा मला फार आवडतो. अँब्रोज पारे हा फ्रेंच फौजेबरोबर फिरणारा शल्यवैद्य. एकदा मुदपाकखान्यातला एक पोऱ्या उकळत्या तेलाच्या कढईत पडला. पारे औषध आणायला गेला, तेव्हा तिथल्या एका खेडवळ म्हातारीनं सांगितलं, मीठ घालून ठेचलेला कांदा लाव. पारेनं म्हातारीला हसण्यावारी नेलं नाही आणि डोळे झाकून तिचं ऐकलंही नाही. त्यानं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कांदा लावलेल्या जागी फोड नव्हते, बाकी जागी होते. पुढं एका सैनिकाचं तोंड दारूच्या भडक्यानं भाजलं, तेव्हा त्यानं अर्ध्या चेहऱ्याला कांदा आणि अर्ध्या चेहऱ्याला नेहमीचं औषध लावलं आणि दोन्ही बाजू ताडून पाहिल्या.

आज भाजल्यावर कांदा लावू नये, हे डॉक्टर सांगतात. त्यामुळे या गोष्टीतला कांदा टाकून द्या. घ्यायचा तो अर्धा-अर्धा चेहरा. आजी सांगते म्हणून खरं नाही आणि आजी सांगते म्हणून खोटंही नाही. ताडून पाहिलं पाहिजे. जळिताच्या उपचारांचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो.

न ताडता केलेल्या गोष्टींनी काय होतं, याचंही उदाहरण आहे. १९२५ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या डॉ. एडवर्ड डेव्हिडसन यांनी भाजलेल्या अंगावर टॅनिक अॅसिड लावायची पद्धत आणली. टॅनिन म्हणजे तेच, जे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात असतं. ज्यानं कातडं कमावतात. कोल्हापूरी पायताणाच्या गावाला ते वेगळं सांगायला नको. त्या औषधानं जखमेवर कातड्यासारखी कडक खपली धरायची, अंगातलं पाणी झिरपायचं थांबायचं, आणि सगळ्यांना वाटलं, सापडला उपाय. जगभर तो चालला. पुढं १९४०च्या दशकात लक्षात आलं, की ते औषध अंगात मुरून यकृत बिघडवतं. मग ते मागं पडलं. मोठमोठी इस्पितळंसुद्धा आमच्या गुऱ्हाळावरच्या घोळक्यासारखी चुकतात. फरक इतकाच, की तिथं कुणीतरी चूक मोजतं आणि कबूल करतं.

त्याच दशकात, २८ नोव्हेंबर १९४२ला, बोस्टन शहरातल्या कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइट क्लबला आग लागली. ४९२ माणसं गेली. शेकडो जखमी एकाच रात्री इस्पितळांत आले. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात डॉ. ऑलिव्हर कोप यांनी जखमा चोळल्या नाहीत, खरवडल्या नाहीत. व्हॅसलीन लावलेली मऊ जाळी गुंडाळली आणि अंगातून गेलेलं पाणी शिरेतून भरून काढण्यावर भर दिला. जखमेला काय लावायचं, यापेक्षा जखम कशी झाकायची आणि माणसाला कसं सावरायचं, हा प्रश्न मोठा झाला.

पाण्याचं काय? लंडनच्या जेम्स अर्ल या शल्यवैद्यानं १७९९ साली थंडाव्याच्या उपायावर पुस्तिका लिहिली होती. पण प्रयोग करून पुरावा मांडला तो आइसलंडच्या ओफेगुर ओफेगसन या डॉक्टरनं, १९५९ साली आणि त्यानंतर. भाजलेल्या प्राण्यांवर त्यानं थंड पाण्याचा परिणाम तपासला. पुढं इतरांनी तपासला. आज ठरलेली गोष्ट अशी : भाजल्या जागी वीस मिनिटं वाहतं गार पाणी. विस्तव बाजूला झाला तरी कातडीत शिरलेली उष्णता आतल्या आत भाजत राहते. पाणी ती ओढून घेतं. आमच्या मामांच्या घमेल्यातली गोळी हेच तर सांगत होती!

आणि झाकण्याचं काय? इथं मात्र महाराष्ट्रानं मान वर करून उभं राहावं. गरिबांच्या देशात परदेशी पट्ट्या कुठून आणायच्या, म्हणून इथल्या डॉक्टरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मुंबईच्या डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी करून पाहिली आणि १९८५ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी मध लावलेली जाळी आणि चांदीयुक्त मलम यांची तुलना १०४ रुग्णांवर केली. अर्ध्यांना हे, अर्ध्यांना ते. १९९१ साली तो निष्कर्ष परदेशी नियतकालिकात छापून आला, मधाच्या बाजूनं. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी बटाट्याच्या सालीशी ताडून पाहिली. २००३ साली त्यांनी मांडलं, की केळीचं पान तितकंच गुणकारी आणि कितीतरी स्वस्त आहे. त्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढीही सुरू झाली. मरणोत्तर दान केलेली त्वचा जळितांच्या अंगावर तात्पुरती पांघरता येते.

बटाट्याची साल, मध, केळीचं पान. ऐकायला अगदी आजीबाईचा बटवा. पण हे घरी करायचं नाही, ही गोष्ट मी मोठ्यानं सांगतो. ती पानं, त्या साली निर्जंतुक केलेल्या होत्या. जखम डॉक्टरांच्या नजरेखाली होती. दुकानातला मध आणि परड्यातलं पान म्हणजे ते औषध नव्हे. या डॉक्टरांकडून आपण शिकायचं ते एवढंच, की उघड्या पडलेल्या जखमेला चिकटणार नाही असं स्वच्छ पांघरूण हवं असतं.

असं एक पांघरूण आपल्या देहानं स्वतःच केलेलं असतं. त्याचं नाव फोड. आत साचलेलं पाणी घाण नसतं. वरची पातळ कातडी म्हणजे निसर्गानं घातलेलं झाकण. त्याखाली नवी कातडी धरत असते. सुई टोचली की झाकण फाटतं आणि जंतूंना दार उघडं होतं. म्हणून फोड आपण फोडायचा नाही. फार मोठा असेल, सांध्यावर ताणत असेल, तर काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. आपोआप फुटला, तर स्वच्छ पाण्यानं आणि साध्या साबणानं हळुवार धुवायचा, वरची सैल कातडी ओढायची नाही, औषधांच्या दुकानात मिळणारी न चिकटणारी जाळी ठेवून वर सैल पट्टी बांधायची.

आता घरातल्या पहिल्या अर्ध्या तासाचं सांगतो. कपड्यानं पेट घेतला असेल, तर आधी पळणं थांबवून जमिनीवर लोळायचं आणि ज्वाला विझवायच्या. मग भाजल्या जागी नळाचं, हापशाचं, माठाचं गार पाणी ओतत राहायचं. घड्याळ लावून वीस मिनिटं. सुरुवातीला सुचलं नाही, तरी पहिल्या तीन तासांत केलेलं पाणी उपयोगी पडतं. बर्फ लावायचा नाही, त्यानं कातडीला आणखी इजा होते. पाणी ओततानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ काढायचं, कारण नंतर सूज येते. कातडीला चिकटलेला कपडा उपटायचा नाही. चिकटलेला गूळ किंवा पाक खरवडायचा नाही, पाण्यानंच निवू द्यायचा, विरघळू द्यायचा. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर भाजलेली जागा गार करताना बाकीचं अंग उबदार ठेवायचं. मग धुतलेल्या सुती कापडानं जागा सैल झाकायची. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल, तूप, अंड्याचा बलक, यातलं काही नाही. या थरांखाली डॉक्टरला जखम दिसतच नाही, आणि ते काढताना रोग्याचे पुन्हा हाल. नानीच्या उदीबद्दलही मी हेच म्हणेन. श्रद्धा मनाला धीर देते, तिनं तो द्यावा. जखमेला स्वच्छता लागते.

आणि दवाखाना कधी? आमच्याकडून जे चुकलं ते इथंच. आपल्या हाताचा तळवा, बोटांसकट, म्हणजे आपल्या अंगाच्या साधारण एक टक्का. भाजलेली जागा भाजलेल्या माणसाच्या तळव्यापेक्षा मोठी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजलं असेल, तर जागा लहान असली तरी डॉक्टर. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई, मधुमेही यांच्या बाबतीत वाट पाहायची नाही. जागा पांढरीफटक, काळी किंवा कातड्यासारखी कडक झाली असेल आणि दुखतच नसेल, तर ते समाधान नाही. उलट जखम इतकी खोल गेली आहे की दुखण्याच्या नसाही जळाल्या आहेत. विजेचा धक्का, अॅसिडसारखं रसायन, कोंडलेल्या खोलीतला धूर, हात किंवा पाय गोलाकार सगळीकडून भाजणं, यांत थेट मोठं रुग्णालय. आवाज बसला, श्वास लागला, नाकातले केस जळाले असतील, तर एक मिनिटही घरी नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. तो आकडा घरातल्या पोरांनाही पाठ हवा.

साधं वाटणारं भाजणंसुद्धा रोज बघायचं. दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, लाली पसरली, पू दिसला, वास आला, ताप आला, तर ती जखम तुम्हाला हाक मारते आहे. दोन आठवड्यांत भरली नाही तरी दाखवायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हेही डॉक्टरांना सांगायचं. आणि बोटं भाजली असतील, तर त्यांचा व्यायाम केव्हापासून करायचा, हे आपण होऊन विचारायचं. नवी कातडी आखडते. हलवली नाही, तर बोट आखडतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

एक गोष्ट जरा दबक्या आवाजात बोलली जाते, ती मी स्पष्ट बोलतो. आपल्या घरांत सगळ्यांत जास्त वेळ आगीजवळ असते ती बाई. कधी स्टोव्हचा भडका, कधी पदर पेटणं, आणि कधी भडक्याच्या नावाखाली भलतंच काही. जळिताची नोंद पोलिसांकडे जाते, लोक काय म्हणतील, या भीतीनं तिला घरातच ठेवतात. तीही म्हणते, काही नाही, जरासं भाजलंय, पोळ्या व्हायच्या आहेत. तिच्या ‘जरासं’वर विश्वास ठेवू नका. तिचा हात नळाखाली धरा आणि मग तळव्यानं मोजा.

मध्यंतरी मामेभावाकडे गेलो होतो. त्याच्या नातीनं चहा गाळताना गरम भांड्याला हात लावला. आम्ही दोघं उठायच्या आत ती स्वतःच मोरीत पळाली आणि नळ सोडून उभी राहिली. शाळेत शिकवलं म्हणे. मामेभाऊ आपला डावा हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत राहिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून मी म्हणालो, ‘बाळ, मोठा काटा चारवर येईपर्यंत हात काढू नकोस.’ त्यावर तो एवढंच म्हणाला, ‘त्या दिवशी पाणी हाताशीच होतं, नाही?’